सावलीची खूण

रहस्यकथा आणि गुप्त पोलिसी चित्रपट यांचा विचार गंभीरपणे करावयाचा नसतो, असा एक संकेत आपल्या सुशिक्षित घरांतून फार दिवस रूढ आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंझारच्या आणि काळापहाडच्या गोष्टी ज्यांनी लहानपणी शाळेच्या पुस्तकाआड ठेवून वाचल्या, तेच पुढे वडीलकीच्या खुर्चीत बसल्यावर मुलांच्या हातून तसलीच पुस्तके काढून घेताना दिसतात. या वाङ्मयावर आक्षेप दोन. एक असा की, त्यात संविधानकाची गुंतागुंत असते, पण स्वभावाचा परिपोष नसतो; दुसरा असा की, त्यात गुन्हा असतो, पण नीतिविचार नसतो. पुष्कळशा पुस्तकांना आणि चित्रपटांना हे दोन्ही आक्षेप लागू पडतात, हे मान्य करण्यास हरकत नाही. परंतु कोणत्याही वाङ्मयप्रकाराची परीक्षा त्याच्या सामान्य नमुन्यांवरून करावयाची की उत्तम नमुन्यांवरून? सामान्य नमुन्यांवरूनच करावयाची म्हटली, तर महाकाव्यही त्या परीक्षेत उतरणार नाही. या प्रकारातील उत्तम चित्रपटांकडे पाहिले असता असे दिसते की, त्यांत एक फार जुना नैतिक प्रश्न विचारलेला आहे. आणि 'खून कोणी केला?' हा तो प्रश्न नव्हे. आपण ज्याला ओळखतो असे म्हणतो, त्याला कशावरून ओळखतो? आणि आपली ओळख व हाती आलेला पुरावा यांचा विरोध पडला, तर माणसाने कोणाच्या बाजूस उभे राहावे? हा तो प्रश्न. त्याचाच विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या चित्रपटांना 'काळा चित्रपट' हे नाव दिले ते नीनो फ्रांक या टीकाकाराने, १९४६ साली. युद्धाच्या काळात फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट येणे बंद होते. युद्ध संपल्यावर चारपाच वर्षांचे तुंबलेले चित्रपट पॅरिसमध्ये एकदम दाखविले गेले, तेव्हा त्यांतील काहींचा सारखेपणा तेथील टीकाकारांच्या डोळ्यांत भरला. अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात, खिडकीच्या पट्ट्यांची भिंतीवर पडलेली सावली, पावसाने ओला झालेला रात्रीचा रस्ता, ही त्यांची बाह्य लक्षणे. अंतरंगाचे लक्षण मात्र वेगळे आहे. जुन्या हेरकथेत गुन्ह्याचा तपास करणारा पुरुष गुन्ह्याच्या बाहेर उभा असतो. शेरलॉक होम्स कोडे सोडवितो आणि पुन्हा आपल्या खोलीत जाऊन व्हायोलिन वाजवीत बसतो. कोडे सुटल्याने त्याच्या आयुष्यात फारसे काही बदलत नाही. काळ्या चित्रपटातील शोधकाला ही सवलत नाही. तो ज्या सत्याचा शोध घेतो ते सत्य त्याच्याच उंबरठ्यावर येऊन उभे राहते, आणि तपास करता करता तो स्वतःच तपासला जातो.

'द माल्टीज फाल्कन' हे याचे नमुनेदार उदाहरण. डॅशियल हॅमेट यांच्या १९३० सालच्या कादंबरीवरून जॉन ह्यूस्टन यांनी १९४१ साली हा चित्रपट काढला. दिग्दर्शक या नात्याने तो त्यांचा पहिलाच. सॅम स्पेड हा सॅन फ्रान्सिस्कोमधील खाजगी गुप्तहेर. त्याचा भागीदार आर्चर याचा आरंभीच खून होतो. स्पेडविषयी आपले पहिले मत चांगले होत नाही. भागीदाराच्या पत्नीशी त्याचे संबंध होते. भागीदार मेल्यावर कचेरीच्या दारावरील त्याचे नाव पुसून टाकण्याची आज्ञा तो तत्काळ देतो. पैसे कोणाकडूनही घेतो. पुढे एका रत्नजडित पक्ष्याच्या मूर्तीमागे लागलेली मंडळी त्याच्याभोवती जमतात, आणि त्यांतील ब्रिजिड नावाच्या स्त्रीवर त्याचे मन बसते. अखेरीस मूर्ती खोटी निघते, आणि आर्चरचा खून ब्रिजिडने केला हे स्पेड तिच्या तोंडावर सांगतो. ती प्रेमाची आण घालते. तो ते प्रेम नाकारीत नाही. तिच्यावाचून काही रात्री वाईट जातील हेही लपवीत नाही. आणि तरीही तिला पोलिसांच्या स्वाधीन करतो.

हा मनुष्य कथेच्या ओघात बदलला काय? आपल्याकडील समीक्षेत स्वभावपरिपोष म्हणून ज्याचे कौतुक होते, ते येथे नाही. बाळाचा किशोर व्हावा, किशोराचा तरुण व्हावा, तसे स्पेडचे काहीच होत नाही. शेवटच्या दृश्यातील स्पेड पहिल्या दृश्यातही होताच, फक्त आपण त्याला पाहिले नव्हते. रहस्यकथेतील स्वभावचित्रण हे असे असते: पात्र वाढत नाही, उकलते. म्हणूनच तिच्यात संविधानक आणि स्वभाव ही दोन निराळी अंगे राहत नाहीत. प्रत्येक नवा दुवा जसा गुन्ह्यावर प्रकाश टाकतो, तसाच तो शोधकावरही टाकतो. 'कलेसाठी कला' आणि 'जीवनासाठी कला' या फडके-खांडेकरांच्या वादात हा प्रकार कोणत्या पक्षात बसवावा, असे कोणी विचारील, तर उत्तर देणे कठीण आहे. त्याचे तंत्र फडक्यांना आवडावे असे घट्ट आहे. पण त्या तंत्राचा प्रत्येक टाका माणसाच्या अंतःकरणातूनच घातलेला असतो.

आता आपल्याकडे वळू. मराठीत या जातीचा जो चित्रपट सर्वांस ठाऊक आहे, तो राजा परांजपे यांचा 'पाठलाग'. तो १९६४ साली प्रदर्शित झाला. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवर तो आधारलेला होता. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांनी त्यात प्रमुख भूमिका केल्या. दोनच वर्षांनी राज खोसला यांनी हेच कथानक 'मेरा साया' या नावाने हिंदीत आणले, आणि त्याची कीर्ती मूळ मराठी चित्रपटाच्या पुष्कळ पुढे गेली. कथेचा सांगाडा थोडक्यात असा: एका नामांकित वकिलाची प्रिय पत्नी मरण पावते. तिच्या आठवणींत तो दिवस कंठीत असतानाच पोलीस गुन्हेगारांच्या टोळीतील एका स्त्रीस पकडतात. तिचा चेहरा हुबेहूब मृत पत्नीचा. एवढेच नव्हे, तर मीच तुमची पत्नी, असे ती भर न्यायालयात म्हणते, आणि पतिपत्नींखेरीज तिसऱ्या कोणास माहीत असणे शक्य नाही अशा गोष्टी सांगू लागते. पती तिच्यावर विश्वास ठेवीत नाही. तो वकिलाच्या वेषात तिची उलटतपासणी घेतो. शेवटी कळते ते हे की, ती खरे बोलत होती. मेली ती तिची जुळी बहीण.

जुळ्या बहिणीची युक्ती स्वस्त आहे, असे म्हणणारे रसिक पुष्कळ आहेत. एका अर्थी ते खरे आहे. नाटककंपन्यांनी ही युक्ती झिजवून टाकलेली होती. परंतु प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. पुरावा खोटा असता, कोणी साक्षी फितवलेले असते, तर पती केवळ फसला असे झाले असते, आणि फसलेल्या माणसाला आपण दोष देत नाही. येथे पुरावा खरा आहे. एक स्त्री खरोखर मेली, तिच्यावर खरोखर अग्निसंस्कार झाले, तिचा चेहरा खरोखर तोच होता. पुराव्यात लबाडी नसतानाही निष्कर्ष चुकतो, अशी स्थिती कथाकाराला हवी होती. दुसरी गोष्ट अशी की, पतीला वकील केल्यामुळे दोन माणसांचे काम एकाच माणसावर येऊन पडले आहे. न्यायासनासमोर पुराव्यावाचून बोलावयाचे नाही, हा वकिलाचा धर्म; आणि पुरावा नसतानाही ओळखावयाचे, हा पतीचा. चित्रपटाचा सारा ताण या एका योजनेतून उत्पन्न होतो. आरोपीच्या पिंजऱ्यात एक स्त्री उभी आहे असे दिसते. वास्तविक परीक्षा तिच्यासमोरील काळ्या झग्यातील पुरुषाची चालली आहे.

न्यायासनाने पुराव्याबाहेर जाऊ नये, हे सांगावयास नको. महाराष्ट्राच्या इतिहासात याचा दाखला आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. पण त्यांच्या देहाच्या ओळखीविषयी लोकांच्या मनात संशय राहिला. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. या संशयाच्या जमिनीवर पुढे भाऊंचा तोतया उभा राहिला. १७७६ साली त्याने कोकणात किल्ले घेतले आणि माणसे जमविली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला देहान्त प्रायश्चित्त मिळाले. न. चिं. केळकरांच्या 'तोतयाचे बंड' या नाटकाने ही हकीकत घरोघर पोहोचविली. भाऊ परत यावेत असे ज्यांना मनापासून वाटत होते, त्यांच्या भावनेवर पुण्याच्या कारभाऱ्यांनी विसंबावयाचे ठरविले असते, तर राज्य एका बहुरूप्याच्या हाती गेले असते. इच्छा ही साक्षीदार म्हणून उभी राहू शकत नाही, हा कायद्याचा नियम शहाणपणाचाच आहे.

पण याच्या उलट दाखलाही आहे. बंगालमधील भावाल संस्थानचे दुसरे कुमार रमेंद्रनारायण रॉय हे १९०९ साली दार्जिलिंग येथे वारले, असे जाहीर झाले. १९२१ साली ढाक्यास एक संन्यासी आला, आणि तोच कुमार असल्याचे लोक म्हणू लागले. बहिणीने त्यास ओळखले, पत्नीने नाकारले. १९३० साली दावा गुदरला गेला. ढाक्याच्या न्यायालयाने १९३६ साली, कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने १९४० साली आणि अखेर लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९४६ साली संन्याशाच्या बाजूने कौल दिला. निकालानंतर थोड्याच दिवसांत तो मरण पावला. पत्नीने शेवटपर्यंत त्यास आपला पती मानले नाही. म्हणजे जगातील वरिष्ठ न्यायासनाने 'हाच तो' असे म्हटले, तरीही जिच्या 'हाच तो' या शब्दाला खरा अर्थ होता तिच्या ओठांवर तो शब्द आला नाही. तिची बाजू खरी होती की न्यायालयाची, या वादात शिरण्याचे येथे कारण नाही. न्यायालय एखाद्या माणसाला त्याची इस्टेट परत देऊ शकते, त्याचे नाव परत देऊ शकते. त्याची ओळख परत देणे मात्र त्याच्या हाती नसते, एवढेच यातून घ्यावयाचे.

मग ओळखणे म्हणजे काय? आपल्या दर्शनकारांनी या क्रियेला 'प्रत्यभिज्ञा' असे नाव दिले आहे, आणि वेदान्त्यांचे तिचे ठरीव उदाहरण म्हणजे 'तोच हा देवदत्त' हे वाक्य. वाक्य साधे दिसते, पण त्यात एक अडचण लपलेली आहे. 'तो' देवदत्त दूरच्या गावचा आणि जुन्या काळचा; 'हा' देवदत्त येथला आणि आत्ताचा. तो पुष्ट होता, हा कृश आहे. त्याच्या अंगावर शालजोडी होती, याच्या अंगावर चिंध्या आहेत. या विशेषणांना धरून बसले तर 'तो' आणि 'हा' कधीच एक व्हावयाचे नाहीत. म्हणून वेदान्ती म्हणतात, परस्परविरोधी अंश दोन्हीकडून सोडून द्या. मग जो उरतो तो एकच. यास ते भागत्याग म्हणतात. आमच्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाई येथे ज्यांची समाधी आहे, त्या मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' हे नाव आपल्या ग्रंथाला दिले ते अशाच निवडीसाठी. सत्य कोणते आणि त्यावर केलेला आरोप कोणता, हे वेगळे करणे म्हणजे विवेक. शास्त्रकारांनी हे उदाहरण जीवब्रह्माच्या ऐक्यासाठी योजिले, हे खरे. पण ज्या अनुभवावरून त्यांनी ते उचलले, तो अनुभव घरातला आणि रस्त्यावरचा आहे. बारा वर्षांनी घरी आलेल्या भावाला दारात ओळखणारी बहीण नकळत भागत्यागच करीत असते.

यात लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, काहीतरी सोडल्यावाचून ओळखता येत नाही. 'पाठलाग'मधील पतीला नेमके हेच जमत नाही. 'ती' म्हणजे घरातील तुळशीपुढे दिवा लावणारी, निष्कलंक, सुगंधी स्मृती. 'ही' म्हणजे चोरट्यांच्या संगतीत सापडलेली, पोलिसांच्या पहाऱ्यातील, सर्व गावासमोर ओरडून बोलणारी बाई. 'ही'चे कलंक बाजूस ठेवण्यास कदाचित तो तयार झाला असता. परंतु 'ती'चे सौंदर्यही बाजूस ठेवावे लागते, आणि ते त्याच्याने होत नाही. मृत पत्नी त्याला अधिक प्रिय झालेली आहे. ती बोलत नाही, रागावत नाही, वृद्ध होत नाही. त्याने तिच्यासाठी केलेल्या शोकात त्याचे स्वतःचेही एक मोठेपण आहे. जिवंत स्त्री जर खरी ठरली, तर तो सारा शोक व्यर्थ ठरतो आणि ती ज्या काळात कोठे होती, काय भोगीत होती, हे विचारण्याचे ऋण त्याच्या शिरावर येते. पुरावा त्याच्या बाजूने आहे हे त्याचे भाग्य नव्हे, तेच त्याचे संकट आहे; कारण ज्याला न ओळखण्याची इच्छा असते, त्याला पुरावा फार सोयीचा पडतो.

येथे नलदमयंतीचे स्वयंवर आठवते. रघुनाथ पंडितांच्या आख्यानामुळे ते मराठी वाचकांस अगदी घरचे झालेले आहे. मूळ महाभारतात अशी कथा आहे की, दमयंती वरमाला घेऊन आली तेव्हा इंद्र, अग्नी, वरुण व यम हे चौघेही नलाचेच रूप घेऊन बसले होते. पाच नल, पाचही सारखे. तिने देवांची प्रार्थना केली, तेव्हा देवांनी आपली लक्षणे प्रकट केली. चौघांना घाम येत नव्हता, त्यांच्या डोळ्यांची पाती लवत नव्हती, गळ्यातील माळा कोमेजल्या नव्हत्या, अंगावर धुळीचा कण नव्हता, पाय जमिनीस टेकले नव्हते. पाचव्याच्या अंगावर धूळ होती, घाम होता, त्याची माळ सुकली होती, आणि त्याची सावली जमिनीवर पडली होती. दमयंतीने त्याला वरले. पौराणिक कथेत याहून मोठा नीतिपाठ क्वचितच सापडेल. देवांची उणीव अशी काहीच नाही. त्यांच्यात मनुष्यत्वाची खूण नाही, एवढेच. सावली ही ती खूण.

स्मृतीत जपलेले माणूस या चार देवांसारखे असते. त्याची माळ सुकत नाही. आणि जे माणूस परत येते, ते पाचव्या नलासारखे धुळीने माखलेले आणि सावली घेऊन आलेले असते. 'पाठलाग'मधील पतीने देवाच्या गळ्यात माळ घातली. काळ्या चित्रपटांत हा अपराध वारंवार दिसतो. ऑटो प्रेमिंजर यांच्या 'लॉरा' (१९४४) या चित्रपटात पोलीस अधिकारी खून झालेल्या स्त्रीच्या भिंतीवरील चित्रावर अनुरक्त होतो. आणि मग ती स्त्री जिवंतच दारातून आत येते, कारण मारली गेली ती दुसरीच कोणी. तेथे शोधकाचे मन चित्राहून स्त्रीकडे वळते, म्हणून शेवट गोड होतो. हिचकॉक यांच्या 'व्हर्टिगो' (१९५८) मध्ये तसे घडत नाही. नायक एका जिवंत स्त्रीला मृत स्त्रीचे कपडे, केस आणि चालणे चढवितो, आणि ती दोन्ही एकच होती हे कळल्यावरही त्याचा संताप शमत नाही. ज्याला प्रतिमाच हवी, त्याच्यापुढे प्रत्यक्ष मनुष्य उभे राहणे हाच मोठा गुन्हा ठरतो. 'मेरा साया' या हिंदी नावाचा अर्थ 'माझी सावली'. नाव ठेवणाऱ्याच्या मनात काय होते ते असो. पण पत्नी जिवंत असल्याची खरी खूण तिची सावली हीच होती, आणि ती पाहण्याऐवजी पती तिच्या तसबिरीकडे पाहत राहिला.

यावर एक रास्त आक्षेप निघेल. मग काय, जो कोणी 'मी तुमचा' म्हणून दाराशी येईल त्याला घरात घ्यावयाचे? तोतयांनाही अश्रू येतात. प्रेमाच्या नावाने पुरावा दूर लोटला, तर स्पेडने ब्रिजिडला सोडून द्यावयास हवे होते. आणि तसे त्याने केले असते, तर आपण त्याचा आदर केला नसता. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच 'पुरावा की अंतःकरण' असे दोन पक्ष करून एकास निवडणे चुकीचे आहे. स्पेड आणि 'पाठलाग'मधील पती यांच्यातील फरक एकाने पुरावा मानला आणि दुसऱ्याने झुगारला, असा नाही. दोघेही पुरावाच मानतात. फरक असा की, स्पेडला पुराव्याची किंमत द्यावी लागते, आणि पतीला पुरावा काहीतरी मिळवून देतो. स्पेड ब्रिजिडला धूळ, घाम आणि सावली यांसकट पाहतो. ती कोण आहे हे जाणूनही तिच्यावर प्रेम करतो. आणि ते प्रेम गमावून सत्य पत्करतो. पती मात्र सत्याच्या नावाखाली आपली मूर्ती वाचवितो. सत्यनिष्ठेची कसोटी करावयाची तर मला ही कसोटी बरी वाटते: जे सत्य आपण पत्करले, त्याने आपले काय गेले? ज्या सत्याने आपले काहीच गेले नाही, उलट आपली जुनी सोय तेवढी सांभाळली गेली, त्याकडे पुन्हा एकदा पाहावे.

आणि तपास टाळावा, असेही मला म्हणावयाचे नाही. दमयंतीचेच पुढील चरित्र पाहा. नल कर्कोटकाच्या दंशाने विरूप होऊन बाहुक या नावाने सारथ्य करीत होता. येथे चेहरा पार वेगळा. ओळख नाकारण्यास याहून चांगले निमित्त कोणते? पण दमयंतीने शोध सोडला नाही. तिने ब्राह्मणांकरवी प्रश्न पाठविले, खोट्या स्वयंवराची बातमी देऊन त्याला आपल्या नगरीत आणविले, केशिनी दासीस त्याच्यावर नजर ठेवावयास लाविले, त्याने शिजविलेले अन्न मागवून चाखून पाहिले, आणि अखेर आपली दोन्ही मुले त्याच्यापुढे पाठविली. त्यांना पोटाशी धरून तो रडला. कोणत्याही गुप्तहेरास शोभेल असा हा पद्धतशीर तपास आहे. तिने पुरावा धुडकावला नाही, उलट अधिकाधिक पुरावा गोळा केला. मात्र ती नलाला शोधण्यासाठी पुरावा जमवीत होती; चित्रपटातील वकील पत्नीला नाकारण्यासाठी जमवितो. उलटतपासणी दोघांचीही चालली आहे. एकीच्या प्रश्नात 'तो तूच असावास' अशी आस आहे, दुसऱ्याच्या प्रश्नात 'ती तू नसावीस' अशी. शोधकाचे चारित्र्य असते ते या आशेत, आणि रहस्यकथा ते उघड करते.

हा सर्व पडद्यावरचा किंवा पुराणातला खेळ आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९४७ सालच्या फाळणीत हजारो स्त्रिया पळविल्या गेल्या. त्यांच्या शोधासाठी दोन्ही देशांच्या सरकारांत करार झाला. १९४९ साली आपल्याकडे कायदाही झाला. स्त्रिया परत आणल्या गेल्या, आणि मग असे दिसून आले की, कित्येक घरांची दारे त्यांच्यासाठी उघडत नाहीत. गांधीजींना आणि नेहरूंना जाहीरपणे लोकांची विनवणी करावी लागली की, या आपल्याच लेकीसुना आहेत, यांचा स्वीकार करा. तेथे चेहऱ्याविषयी संशय नव्हता, जुळी बहीण नव्हती. तरीही बाप आणि पती ओळख देईनात. राजिंदरसिंग बेदी यांची 'लाजवंती' ही उर्दू कथा यासंबंधी आहे, आणि तिच्यातील दुःख आणखी खोल आहे. तिचा नायक पत्नीला घरात घेतो, सन्मानाने घेतो, तिला देवी म्हणू लागतो. पण तिच्यावर काय ओढवले ते ऐकून घेण्यास तो तयार नाही. तिला देवी व्हावयाचे नसते. पूर्वीची, त्याच्याशी भांडणारी लाजो व्हावयाचे असते. धुळीने माखलेल्या मनुष्याला वरण्याऐवजी पुन्हा एक न सुकणारी माळ. नाकारण्याचा हा सर्वांत सभ्य प्रकार आहे, आणि म्हणून सर्वांत कठीण.

आपल्या मध्यमवर्गीय घरांत असे प्रसंग लहान प्रमाणात नित्य घडत असतात. फक्त तेथे न्यायालय भरत नाही. शिकावयास परगावी गेलेला मुलगा वेगळी मते घेऊन परत येतो, आणि आई म्हणते, हा माझा नव्हे. सासरहून माघारी आलेली मुलगी माहेरच्या ओटीवर परकी होते. तिच्या लग्नातील तसबीर मात्र भिंतीवर मानाने टांगलेली असते. दीर्घ आजारातून उठलेल्या पतीच्या चिडखोर स्वभावात पत्नीला पूर्वीचा माणूस सापडत नाही. प्रत्येक वेळी आपल्या हाती काही ना काही पुरावा असतोच: तो असा कधी बोलत नसे, ती अशी कधी वागत नसे. पुरावा खराही असतो. पण 'तो' आणि 'हा' यांच्यामध्ये जो काळ गेला, त्याविषयी आपण एक तरी प्रश्न विचारला काय? आणि विचारला असल्यास तो शोधण्यासाठी विचारला की नाकारण्यासाठी?

चांगली रहस्यकथा आपल्याला या प्रश्नाशी आणून सोडते, हे तिचे नीतिकार्य लहान नाही. उपदेश करणाऱ्या कथेत आपण कोणाच्या बाजूस उभे राहावयाचे, हे आधीच ठरलेले असते. येथे तसे नसते. चित्रपटगृहाच्या अंधारात बसलेले आपण सर्व प्रेक्षक त्या वकील पतीबरोबर पुरावा तोलीत असतो. तीही साक्ष ऐकतो, हीही ऐकतो, आणि बहुतेक वेळ त्याच्याइतकेच ठाम असतो. सत्य कळते तेव्हा चूक त्याची एकट्याची राहत नाही. पडद्यावरील स्त्री निर्दोष ठरते, आणि तिला निर्दोष ठरण्यासाठी एवढे भोगावे लागले याचा काही वाटा न्याय देण्यास आतुर झालेल्या आपल्या मनाकडेही येतो. एखादे माणूस उजेडात उभे राहिले की त्याची सावली पडावयाचीच. ती पाहून संशय घ्यावा, हे वकिलाने शिकविले. ती पाहून ओळखावे, हे दमयंतीने.